नवगावचे दोन उंचवटे

लांज्यात नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात, नाव मागाहून. आडनावातच गाव असेल तर तेवढाही प्रश्न वाचतो. लांजेकर, राजापूरकर, साखरपेकर म्हटलं की बोलणं पुढे सरकतं. माणसं पोटापाठी कुठेही जावोत, कुठल्या गादीवर बसोत, मूळ गाव काही सुटत नाही. झाशीच्या नेवाळकरांचं मूळ गाव कोट, आमच्याच तालुक्यातलं. राणी लक्ष्मीबाई त्या घरची सून, एवढ्यावर कोटचं नाव आजही तिच्या नावाबरोबर घेतलं जातं.

त्यामुळे हाईम सॅम्युएल केहीमकर हे नाव पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मी ते सवयीने शेवटाकडून वाचलं. केहीमकर, म्हणजे किहीमचे. अलिबागच्या उत्तरेचं, नारळी-पोफळीचं किहीम. मग उरलेली दोन नावं वाचली आणि थबकलो, कारण ती हिब्रू होती. हे गृहस्थ एकटे नव्हते. पेणकर, रोहेकर, दिवेकर, झिराडकर, अष्टमकर, वाकरूळकर, राजपूरकर, नवगावकर अशी कुलाब्यातल्या गावांची सगळी ओळच त्यांच्या मागे उभी होती. 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा ज्यांनी अजरामर केला त्या नट डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. म्हणजे चौलचे. हे सगळे बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्या इतिहासाची सुरुवात एका दफनभूमीपासून होते.

ती दफनभूमी नवगावात आहे. थळ आणि किहीमच्या पट्ट्यातलं हे गाव. समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी ही दोन बेटं, दक्षिणेला काही कोसांवर चौल. चौल आज वाड्यांचं आणि देवळांचं शांत गाव असलं, तरी पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात त्याचं नाव बंदर म्हणून येतं. टॉलेमी त्याला सिमुल्ला म्हणतो, पुढचे अरब प्रवासी सैमूर म्हणतात. तांबड्या समुद्रातून किंवा इराणच्या आखातातून निघालेलं गलबत पावसाळी वाऱ्यावर या किनाऱ्याला लागणं ही त्या काळातली रोजची गोष्ट होती. गलबत फुटणंही तितकंच रोजचं.

बेने इस्राएल सांगतात ती हकिकत अशी. गालीलच्या प्रदेशात ज्यूंचा छळ सुरू झाला तेव्हा काही कुटुंबं जीव वाचवण्यासाठी गलबतातून निघाली. समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या केहीमकरांनी हा काळ अँटिओकस एपिफानेस या ग्रीक राजाच्या अमदानीतला, म्हणजे ख्रिस्तपूर्व १७५च्या सुमाराचा ठरवला. त्याला आधार एका गैरहजेरीचा होता. त्या राजाच्या सैन्याकडून जेरुसलेमचं मंदिर परत घेतल्याचा जो हनुक्का सण जगभरचे ज्यू साजरा करतात, तो बेने इस्राएलांना मुळी ठाऊकच नव्हता. मंदिर परत मिळालं त्याच्या आधीच आमचे पूर्वज निघाले होते, असा त्यांचा युक्तिवाद. गलबत खांदेरी-उंदेरीजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बाया पोहत नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली. ती त्या चौदा जणांनी गावाच्या उत्तरेला पुरली, पुरुष एका ठिकाणी, बायका दुसऱ्या ठिकाणी. त्या जागेवर मातीचे दोन मोठे उंचवटे झाले.

दोन उंचवटे, आणि त्यांच्यावर एकही नाव कोरलेलं नाही. खाली किती जण आहेत, त्यांत लेकरं किती, कोण कोणाची आई, याची कुठे नोंद नाही.

या प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते त्यातल्या एका साध्या अडचणीमुळे. अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी वाळूवर आलेल्या माणसांकडे कुदळ नसते, फावडं नसतं. ज्या मातीत खणायचं ती कोणाची तरी असते. भाषा येत नाही. म्हणजे हत्यारं गावातल्या कोणीतरी दिली असणार आणि जागा कोणीतरी दाखवली असणार. निदान खणू दिलं असणार. या लोकांचा कोकणाशी पहिला व्यवहार झाला तो कबरीच्या जागेचा. त्यांच्या धर्मग्रंथातही हीच गोष्ट आहे. सारा वारली तेव्हा अब्राहाम हेब्रोनच्या लोकांपुढे उभा राहिला, मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, मला माझं माणूस पुरायला जागा द्या, असं म्हणाला, आणि ४०० शेकेल चांदी मोजून त्याने मखपेलाची गुहा आणि तिच्याभोवतालचं शेत विकत घेतलं. देवाने ज्याला अख्खा देश देऊ केला होता, त्या अब्राहामाच्या मालकीची झालेली त्या देशातली पहिली जमीन म्हणजे बायकोच्या कबरीची. नवगावला चांदी मोजली गेली की नाही, कोणी सांगत नाही. जागा मात्र मिळाली.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वाढलेल्या कोणालाही ही हकिकत ऐकताना दुसरी एक आठवतेच. सह्याद्रिखंडात चित्पावनांच्या उत्पत्तीची कथा आहे. समुद्राने किनाऱ्यावर चौदा प्रेतं आणून टाकली, परशुरामाने ती चितेवर शुद्ध करून जिवंत केली, आणि चिपळूण ही त्यांची वसाहत झाली. चौदा हा आकडा दोन्हीकडे. समुद्र दोन्हीकडे. एवढ्यावरून दोन्ही समाजांचं मूळ एकच, असे अंदाज पूर्वी अनेकांनी बांधले. मला तो निष्कर्ष पटत नाही. मला त्यात कोकण दिसतं. या किनाऱ्यावर बाहेरून आलेल्याला आपली गोष्ट सांगायची तर ती समुद्रातूनच सुरू करावी लागते, आणि गोष्टी गावोगाव एकमेकींच्या अंगणात जाऊन बसतात. फरक मात्र लक्षात ठेवावा असा आहे. परशुरामाच्या कथेत मेलेले उठून चालू लागतात. नवगावच्या कथेत मेलेले मेलेलेच राहतात, वाचलेले त्यांना पुरतात आणि तिथेच राहतात.

गलबताबरोबर पोथ्या बुडाल्या. तोरा नाही, प्रार्थनेचं पुस्तक नाही, धर्म सांगणारा कोणी नाही. डोक्यात जे राहिलं तेवढंच पुढे चालत आलं. शनिवार पाळायचा, मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, खाण्यापिण्याचे काही नियम, थोडे सण, आणि 'शमा इस्राएल' हे देवाचं एकत्व सांगणारं वाक्य. हे एकच वाक्य ते सुंतेला म्हणत, लग्नात म्हणत आणि मयतालाही म्हणत. हिब्रूचा अर्थ कळेनासा झाला तरी शब्द टिकले.

पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद. ज्या आज्ञेने मालकाला विश्रांती सांगितली आहे तिनेच बैलालाही सांगितली आहे, म्हणून बैलही सुटा. गावाने धर्म विचारला नाही, सुट्टीचा वार पाहिला आणि नाव ठेवलं शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली होतेच, त्यांच्या शेजारी हे. नावंही गावात मिसळली. अब्राहामचा अबाजी झाला, सॅम्युएलचा समाजी, एझिकेलचा हसाजी, मोझेसचा मुसाजी. सणांची हिब्रू नावं विसरली गेली तेव्हा त्यांना मराठी नावं मिळाली, आणि ती बहुतेक स्वयंपाकघरातून आली. खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा रोजा. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक जगभरचे ज्यू उपास करून करतात. कुलाब्यात तो उपास वालाच्या बिरड्यावर सुटू लागला, म्हणून तो बिरड्याचा रोजा. योम किप्पूर, पापक्षालनाचा दिवस, याचं नाव दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी घराचं दार लावून आत बसायचं. रायगडातल्या माणसाला यातला एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही.

या सगळ्या काळात त्यांना देऊळ असं नव्हतं. प्रार्थना घरात. म्हणजे या समाजाची म्हणून जमिनीवर दाखवता येईल अशी एकच जागा होती, नवगावची. पोथी हरवलेल्या लोकांजवळ कबरी होत्या.

बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता लागला तो तुकड्यातुकड्यांनी. इ. स. १२००च्या सुमारास इजिप्तमधला मोठा ज्यू पंडित मायमोनिडीस एका पत्रात लिहितो की हिंदुस्थानातल्या ज्यूंना लेखी धर्मशास्त्र ठाऊक नाही, ते शनिवार पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. हे वर्णन बेने इस्राएलांचं असावं, असं मानतात. १७३८ साली सार्टोरियस नावाच्या डॅनिश मिशनच्या पाद्र्याने सुरत आणि राजापूरकडच्या 'बेने इस्राएल' म्हणवणाऱ्या, फक्त 'शमा' जाणणाऱ्या लोकांविषयी लिहिलं. राजापूर वाचून लांज्याच्या माणसाचे कान टवकारतात, ते तर आमच्या शेजारचं. पण माझ्या मते हे जंजिऱ्याजवळचं राजपुरी असावं. राजपूरकर हे आडनाव बेने इस्राएलांतच आहे, आणि त्यांची गावं त्या खाडीभोवती दाटीने आहेत.

मग कोचीनहून दाविद रहाबी आला. परंपरा त्याला फार जुन्या काळात नेते. अभ्यासक त्याची गाठ अठराव्या शतकात डचांच्या व्यापारात असलेल्या दाविद एझिकेल रहाबीशी घालतात. त्याने घेतलेल्या परीक्षेची गोष्ट समाजात घरोघरी सांगतात. त्याने बायकांपुढे मिसळ मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायांनी खवले आणि पर असलेली मासळी वेगळी काढली, बाकीची बाजूला सारली, आणि ही आम्ही खात नाही म्हणाल्या. रावस चालतो, मुशी आणि शिंगाळा नाही, हा भेद तोरातला आहे. तो कोणी वाचलेला नव्हता. सुनेने सासूच्या हाताकडे पाहून तो उचलला होता. रहाबीची खात्री पटली. त्याने तिघांना हिब्रू आणि विधी शिकवून काजी नेमले. गावोगाव जाऊन सुंता, लग्नं लावणं आणि तंटे सोडवणं त्यांच्याकडे आलं.

कंपनी सरकारच्या फौजेत बेने इस्राएल भराभर भरती झाले. समाजी हसाजी दिवेकर, सरकारदप्तरी सॅम्युएल एझिकेल, दुसऱ्या म्हैसूर युद्धात कैद झाला. कैद्यांत इस्राएल लोक आहेत हे ऐकून टिपूच्या आईने त्यांना जीवदान देवविलं, अशी कथा आहे. सुटून आल्यावर त्याने नवस फेडला. १७९६ साली मुंबईत मांडवीला बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याचं नाव शआर हारहमीम, दयेचं दार. तो रस्ता पुढे सॅम्युअल स्ट्रीट झाला. लोकांच्या तोंडी सिनेगॉग म्हणजे मशीदच, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. नंतर कोकणातही प्रार्थनामंदिरं उभी राहिली. रेवदंड्याला १८४२मध्ये, अलिबागला १८४८मध्ये, पनवेलला १८४९मध्ये, पेणला १८६३मध्ये. स्कॉटिश पाद्री जॉन विल्सनने १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८८०च्या सुमारास तर मोझेस, अब्राहाम यांच्या आख्यानांची मराठी कीर्तनं सुरू झाली. मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवली ती धर्मांतराच्या आशेने. लोकांनी भाषा घेतली आणि धर्म आपलाच ठेवला.

थडगी बोलू लागली तीही याच काळात. जुन्या कबरी नुसत्या दगडमातीच्या. शाळा आणि छापखाने आल्यावर दगडांवर अक्षरं आली, हिब्रू आणि मराठी, पुढे इंग्रजीही. कोकणातल्या कुठल्याही बेने इस्राएल दफनभूमीत जावं, वर दाविदाचा तारा आणि खाली देवनागरीत मृताचं नाव, बापाचं नाव आणि गावचं आडनाव दिसतं. हिब्रूत दफनभूमीला एक जुना शब्द आहे, त्याचा अर्थ जिवंतांचं घर.

या घरातही भिंत मागितली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मुंबईत बगदादी ज्यू व्यापारी येऊ लागले. आरंभी बेने इस्राएलांनी त्यांना आपल्या सिनेगॉगात आणि आपल्या दफनभूमीत जागा दिली. १८३६ साली बगदाद्यांनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत त्यांच्या आणि आमच्या थडग्यांमध्ये भिंत घालून द्यावी. बेने इस्राएल अस्सल ज्यू नाहीत, त्यांच्यात स्थानिक रक्त मिसळलं आहे, असा त्यांचा आक्षेप होता. मला हा प्रसंग वाचताना आजही राग येतो. परमुलखात मेलेल्याला माती मिळणं काय असतं हे ज्यांच्या पूर्वजांनी नवगावच्या वाळूत भोगलं, त्यांच्याच मेलेल्यांपासून बगदाद्यांना दूर राहायचं होतं.

तोच आक्षेप सव्वाशे वर्षांनी खुद्द इस्रायलमध्ये पुन्हा उभा राहिला. १९४८ नंतर बेने इस्राएलांची घरंच्या घरं कोकण-मुंबई सोडून निघाली आणि बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामले इथे वसली. १९५१पासूनच काहींनी परत भारतात पाठवा म्हणून धरणं धरलं, आणि काही परत आलेही. मग १९६०नंतर तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी आई, आजी अशी वरपर्यंतची वंशावळ तपासावी. पुरावा मागितला गेला तो अशा लोकांकडे, ज्यांची पोथी समुद्रात गेली होती आणि ज्यांच्या पहिल्या पणज्या एका निनावी उंचवट्याखाली होत्या. ते रस्त्यावर उतरले. १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणं आणि उपोषण झालं, तिथल्या संसदेने बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत असं जाहीर केलं, आणि धर्मपीठाला ते फर्मान मागे घ्यावं लागलं.

रक्ताचा प्रश्न पुढे प्रयोगशाळेतही गेला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की बेने इस्राएलांत मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा असे दोन्ही वंश आहेत. बाहेरचा वाटा जास्त करून पुरुषांकडून आलेला आहे आणि इथला बायकांकडून. सात जोडप्यांची कथा या हिशेबात अक्षरशः बसत नाही. पण बगदाद्यांनी ज्याला खोट म्हटलं त्यात मला कुठली खोट दिसत नाही. कुठल्याशा काळात आलेल्या थोड्या माणसांनी इथल्या मुली केल्या, आणि त्या मुलींनी आपल्या नसलेल्या देवाचा शनिवार, खवल्यांच्या मासळीचा नियम आणि न कळणारं एक वाक्य शेकडो वर्षं सांभाळलं. कोकणच्या बाईने दुसऱ्याच्या आठवणीला आपलं म्हटलं म्हणून हा समाज ज्यू राहिला. दोन उंचवट्यांपैकी बायकांच्या उंचवट्याकडे मी त्यामुळे वेगळ्या आदराने पाहतो.

आता नवगावच्या जागेवर समाजाने स्मारक उभारलं आहे. भारतात बेने इस्राएल काही हजारच उरले. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तेव्हा अनेक गावांत एकही घर शिल्लक नव्हतं. अलिबागचं सिनेगॉग उभं आहे. अलिबागकडच्या खंडाळे गावाजवळच्या ज्या खडकावर एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, तिथे लोक नवस फेडायला येतात आणि पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची घालून मलिदा करतात. इस्रायलमध्ये वाढलेली मुलं आईबापांबरोबर येतात ती बहुधा या वाटेने, अलिबाग, नवगाव, खंडाळे, रेवदंडा. तिकडे त्यांच्या वडीलधाऱ्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. त्यातले लेखक-वाचक रोहेकर आणि पेणकर होते, ज्यांचे पत्ते लोद आणि दिमोनाचे.

आणि केहीमकर. त्यांनी ही सगळी हकिकत, काजींचे कुळाचार, सणांची नावं, नवगावची दफनभूमी, सारं गोळा करून १८९७पर्यंत इतिहास लिहून पुरा केला. त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. हस्तलिखित चाळीस वर्षं पडून राहिलं. मग इमॅन्युएल ओल्सवँगर नावाचे गृहस्थ भारतात येऊन गेले, त्यांनी ते मनावर घेतलं, आणि १९३७ साली किहीमच्या माणसाने लिहिलेला, नवगावच्या दोन उंचवट्यांपासून सुरू होणारा तो ग्रंथ अखेर छापून निघाला. छापखाना होता तेल अवीवचा. फुटलेलं गलबत ज्या देशातून निघालं असं त्यात लिहिलं आहे, त्याच देशातला.